कॉम्प्युटर फोटोतली मुलगी

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई एकदम भडकली कशी. दुसरी गोष्ट, मी काळी आहे. सावळी, गव्हाळ, निमगोरी, हे तिन्ही शब्द आमच्या कुंदाआत्यानं माझ्यावर लावून पाहिले, एकही चिकटला नाही. आई मी लहान असतानाच गेली. वडील एस.टी.त कंडक्टर, आज धुळे-शहादा तर उद्या धुळे-सुरत, त्यामुळं मला वाढवलं ते आत्यानं. जीव लावला, शिकवलं, कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. फक्त माझा रंग तेवढा तिला मंजूर नव्हता.

एक्क्याण्णव साल उजाडेपर्यंत मला तीन स्थळं बघून गेली होती. तिन्ही वेळा आधी फोटो गेला होता, आणि तो काढला होता आमच्या देवपुरातल्या तोताराम नानांनी. नाना म्हणजे देवमाणूस, पण एकदा हातात शिसपेन्सिल आली की त्यांना आवरायचं नाही. निगेटिव्हवर इतक्या बारीक रेघा मारायचे की फोटो धुऊन आला की भुसावळच्या इंजिनात कोळसा टाकणारा माणूससुद्धा दुधानं आंघोळ करून आल्यासारखा दिसायचा. माझे तिन्ही फोटो त्यांनी जीव ओतून केले होते. काय नाक, काय गाल! मलाच वाटायचं, ही कोण बाई, हिला एकदा भेटलं पाहिजे.

पहिले चाळीसगावचे. ते 'कळवतो' म्हणून गेले, ते गेलेच. दुसरे भडगावचे. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, सगळ्यांना बशा दिल्या, खाली मान घालून बसले. मुलाच्या मावशीनं दोन घास खाल्ले आणि मला म्हणाली, "पोहे छान झालेत हो. आता फोटोतल्या मुलीला बोलवा." आई शप्पथ सांगते, असंच म्हणाली. आणि तिसरे जळगावचे, त्यांनी तर आत्याला बाजूला घेऊन विचारलं, "मोठीचं आधी उरकायचं आहे का? आम्ही धाकटीसाठी आलो होतो." मी एकुलती एक!

त्या दिवशी मी मोरीत पाणी सोडून रडले. रडून झाल्यावर बादलीला लाथ मारली, तर अंगठा सुजला. लंगडत बाहेर आले तर आत्या म्हणते, "चौथ्या वेळी पेन्सिल जरा जास्त फिरवायला सांगू." तिला काय सांगणार? मला लग्नाची घाई नव्हती. मला एवढंच पाहिजे होतं की कुणीतरी दारात यावं, माझ्याकडं बघावं, आणि माझ्या पाठीमागं आणखी कुणाला शोधू नये. बस.

त्याच वर्षी चैत्रात, एकवीरा देवीच्या यात्रेआधी, नानांनी सुरतहून एक कॉम्प्युटर आणला. जुनाच होता. त्याच्यासोबत एक कॅमेरा, एक काळापांढरा पडदा आणि एक ठिपक्यांचा प्रिंटर. कॅमेऱ्यासमोर माणूस बसवायचा, तो पडद्यावर दिसला की कळ दाबायची, आणि प्रिंटरमधून त्याचा फोटो कागदावर यायचा. नुसते ठिपके ठिपके, पण लांबून बघितलं तर माणूस. नानांना ते सगळं सुरू करता यायचं, बंद करता यायचं नाही. म्हणून त्यांनी मला बोलावलं. आत्यानं आधी थयथयाट केला, "लग्नाची पोर यात्रेत तंबूत बसणार?" पण नानांनी हात जोडले, मग तिचा नाइलाज झाला.

पांझरेच्या काठाला आमचा तंबू लागला. एका बाजूला मोठा पाळणा, दुसऱ्या बाजूला सुपडूभाऊंचं गोडशेवेचं दुकान. नाना माईक घेऊन दारात उभे. "या या या! आपला फोटो आता कॉम्प्युटर काढणार! धुळे जिल्ह्यात प्रथमच! आत ऑपरेटरबाई बसलेल्या आहेत, सहा महिन्यांचा कोर्स झालेला आहे!" माझं नाव मंदा, पण यात्रेचे पंधरा दिवस मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. ऑपरेटरबाई म्हणजे ऑपरेटरबाई. मला ते इतकं आवडायचं की मी वेणी जरा ताठच घालायला लागले.

गर्दी म्हणजे काय सांगू! प्रिंटर वरून खाली एकेक ओळ छापत यायचा, चर्र चर्र चर्र, एका फोटोला चार मिनिटं. तेवढा वेळ पन्नास माणसं कागदावर वाकून उभी. "केस आले! केस आले!" मग "कपाळ आलं!" आणि नाक आलं की असा कल्ला व्हायचा की पाळण्यातली माणसं वरून वाकून बघायची. स्वतःचं नाक चाळीस वर्षं तोंडावर घेऊन फिरलेला माणूस कागदावर ते बघून टाळ्या वाजवायचा.

एकच भानगड होती, पावडरीची. आपल्याकडं फोटो म्हटला की आधी पावडर. नानांच्या स्टुडिओत आरसा, कंगवा आणि पावडरीचा डबा कायम असायचा, तो त्यांनी सवयीनं तंबूतही आणून ठेवला. माणसं घामेजलेल्या तोंडावर पावडरीचे थर देऊन बसायची. आता हे मशीन काय करायचं, तर चेहऱ्याचे बारीक बारीक ठिपके पाडायचं आणि प्रत्येक ठिपक्याला एक आकडा द्यायचं. शून्य म्हणजे काळाकुट्ट, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढराशुभ्र. पावडर लावलेलं कपाळ सगळंच्या सगळं दोनशे पंचावन्न! तिथं प्रिंटर एक ठिपका मारायचा नाही. कागदावर केस, भुवया आणि मध्ये कोरी जागा. मग मी ओरडायचे, "तोंड पुसा आधी! तोंड पुसा!" आणि पुन्हा फोटो.

माझ्या हातात दोन गोष्टी होत्या, ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट, घरच्या टीव्हीला बटणं असतात त्याच. ब्राइटनेस वाढवला की प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात सारखी भर पडते. काळा करडा होतो, करडा उजळतो. पण जो आधीच दोनशे पंचावन्नला पोचला तो पुढं जाणार कुठं? तो तिथंच थांबतो आणि मागून येणारे सगळे त्याच्या अंगावर येऊन पडतात, बाजारच्या दिवशी एस.टी.च्या दारात पडतात तसे. मग कोण कुठला होता ते कळायचं नाही. कॉन्ट्रास्टचं वेगळं. तो वाढवला की ठिपके एकमेकांपासून लांब सरकतात, काळे आणखी काळे, उजळ आणखी उजळ. बेताचा वाढवला तर नाकडोळे उठून दिसतात. जास्त वाढवला की नाकाखालच्या सावलीची मिशी होते. साक्रीच्या एका लताबाईंना अशी झुपकेदार मिशी आली होती. त्यांचे मिस्टर हसता हसता स्टुलावरून खाली पडले. बाईंनी कागद टराटरा फाडला आणि म्हणाल्या, "आता ह्यांचा काढा, आणि दाढीपण येऊ द्या!"

आणखी एक सांगायचं राहिलं. नानांचा एक नियम होता, निगेटिव्ह कधी फेकायची नाही. गिऱ्हाईक मरेल, निगेटिव्ह मरता कामा नये. कॉम्प्युटरला निगेटिव्ह नसते हे त्यांना काही पटेना. म्हणून मी ब्राइटनेसला हात लावायच्या आधी मूळ आकडे फ्लॉपीत साठवून ठेवायचे. एका फ्लॉपीत पाच-सहाच माणसं मावायची. फ्लॉप्या एका स्टीलच्या डब्यात, डबा माझ्या पायाशी. नाना खूश.

यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी आत्या तंबूत आली, बरोबर स्वतःची पावडर घेऊन. रुपचंद आबांनी शिरपूरचं स्थळ आणलं होतं. आबांनी आमच्या निम्म्या नात्यागोत्याची लग्नं जमवलेली. मुलगा अभिमन, शिरपूरला हायस्कुलात मास्तर, घरी कापसाची शेती, मुलाला वडील नाहीत, आई आहे, बेबाबाई. फोटो मागितला होता.

"पेन्सिलीचा फोटो लोकांना आता कळतो," आत्या म्हणाली. "मशीन खोटं बोलत नाही असं लोक समजतात. तू मशीननंच उजळ हो."

नानांनी कॅमेरा धरला, मी स्टुलावर बसले. रागानं बघत होते, हे मला नंतर कळलं. फोटो पडद्यावर आला, मी उठून कळफलकाशी गेले, मूळ आकडे साठवले, आणि ब्राइटनेसच्या कळेवर बोट ठेवलं.

"अजून," आत्या म्हणाली.

मी वाढवला.

"अजून. अगं अजून. हात काय आखडता घेतेस, वीज काय तुझ्या बापाची आहे?"

झालं, माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं घे! कळ दाबली ती सोडलीच नाही. आधी हनुवटी गेली, मग ओठ, मग नाक. उरलं काय, तर कडेला केस, दोन डोळे आणि टिकली. म्हटलं आता तरी आत्या भानावर येईल. कसली भानावर येते! कागद हातात घेतला आणि डोळ्याला पदर लावला. "अगं बाई, कशी दिसतेस गं!"

"आत्या, ह्यात नाक कुठंय?"

"नाक काय करायचंय? पाहुणे रंग बघतात."

तो कागद रुपचंद आबांच्या पिशवीत बसून शिरपूरला गेला. मी वर त्या फोटोला कुठलं सेटिंग लावलं होतं तेही फ्लॉपीच्या लेबलावर लिहून ठेवलं, रागारागात. आणि आबांना आत्यानं बजावलं, "पोर यात्रेत बसते असं सांगू नका. कॉम्प्युटर शिकलेली आहे, एवढंच सांगा." घरी आल्यावर मी पस्तावले. तीन वेळा नानांच्या पेन्सिलीनं केलं ते चौथ्या वेळी मी माझ्याच बोटानं केलं होतं. आता शिरपूरकर येणार, पोहे खाणार आणि माझ्याच हातून पाणी घेऊन मला विचारणार, फोटोतली मुलगी कुठंय?

सहाव्या दिवशी दुपारची गोष्ट. ऊन असं की कॉम्प्युटर तापू नये म्हणून तंबूवर ओली पोती टाकलेली. एक ठेंगणी बाई आत आली, कपाळभर कुंकू, हातात देवीला वाहिलेल्या नारळाचा प्रसाद. मागं उंच, शिडशिडीत मुलगा. त्याच्या तोंडभर देवीचे व्रण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"ए पोरी," बाई म्हणाली, "मना आंडोरना फोटू काढ. कॉम्प्युटरना!" माझ्या मुलाचा फोटो काढ म्हणत होती. मग तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. "आनी हाई देख. अस्सा उजळ पाहिजे. ह्या पोरनागत!"

कागदावरून माझेच दोन डोळे माझ्याकडं बघत होते. दोन डोळे आणि टिकली.

 बाई आपली सांगत सुटली, ही देवपूरची मुलगी, शिकलेली आहे, त्यांनी कॉम्प्युटरचा फोटो धाडला, मग आपण साधा धाडला तर आपली शोभा काय राहील? म्हणून नवस फेडायला आलो तसं हेही काम करून घेतो. म्हणजे या बेबाबाई. आणि मागं उभा तो अभिमन. आणि मी त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, नाकाडोळ्यांसकट बसलेली, आणि दोघांपैकी एकाच्याही मनात शंका नाही! हसू की रडू ते कळेना. दोन्ही एकदमच यायला लागलं, म्हणून मी खाली वाकून उगाच वायर तपासली.

"आई, त्यात माणूस कुठंय?" अभिमन म्हणाला. "नुसते दोन डोळे."

"डोळे तरी बरे आहेत ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो दचकला. मग त्यानं कागद नीट बघितला. "डोळे चांगलेच आहेत," तो म्हणाला. "फक्त रागावलेले आहेत."

बाहेरून नाना माईकवर गरजले, "ऑपरेटरबाई, शिरपूरच्या पाहुण्यांचा एक नंबर फोटो काढा!" मी म्हटलं, मंदे, गप्प बस, काम कर. फोटो काढ आणि लाव वाटेला.

तो स्टुलावर बसला. बेबाबाईंनी पावडरीचा डबा घेतला आणि त्याच्या तोंडावर जवळजवळ उपडाच केला. त्याला ओळीनं सात शिंका आल्या. बाहेरची माणसं मोजत होती, सात! मी म्हटलं, "तोंड पुसा." त्यानं रुमाल काढून इतक्या आनंदानं तोंड पुसलं की मला त्याची दयाच आली.

कळ दाबली. चेहरा पडद्यावर आला. मी मूळ आकडे साठवले. पडद्यावर त्याचे व्रण स्पष्ट दिसत होते, प्रत्येकाच्या एका कडेला उजेड, एका कडेला सावली.

"ते डाग घालव बेटा," बेबाबाई म्हणाल्या.

घालवणं अवघड नव्हतं. ब्राइटनेस वाढवत गेले. उथळ व्रण आधी भरले, मग खोल. दहाबारा वेळा कळ दाबली, आणि चेहरा तांदळाच्या पापडासारखा सपाट. बेबाबाईंचा चेहरा असा फुलला! अभिमन जमिनीकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, राहू द्या ना ते. मागं एका ठिकाणी माझा असाच फोटो गेला होता, डाग पुसलेला. मी मुलगी बघायला गेलो. मुलीच्या काकांनी मला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, मुलगा मागच्या गाडीनं येतोय का?"

मला हसू फुटलं. साधं हसू नाही, पोट धरून, टेबलावर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तो आधी गोरामोरा झाला, मग तोही हसायला लागला. बेबाबाई एकदा माझ्याकडं बघतात, एकदा त्याच्याकडं. त्यांना वाटलं उन्हानं झालं.

आणि हसता हसताच मला राग आला. सांगितलं ना, येतो मला. त्या बाईंचा नाही, आत्याचा, नानांच्या पेन्सिलीचा, पावडरीच्या डब्याचा, माझ्या बोटाचा. पण समोर त्या होत्या.

"मावशी, यात्रेला कशाला आलात?"

"नवस फेडाले." हा चार वर्षांचा होता तेव्हा देवी आल्या, असं त्या सांगायला लागल्या. गावातली दोन पोरं गेली. ह्याला एकवीरा मायनं ठेवला. तेव्हापासून दर चैत्राला येतात.

"म्हणजे देवीनं पोरगं ठेवलं आणि खुणाही ठेवल्या. तुम्ही तिचा नवस फेडता, तिच्या पाया पडता, आणि पन्नास पावलांवर येऊन तिच्या खुणा माझ्याकडून पुसून घेता?"

 नानांचा माईकसुद्धा बंद पडला. मी जीभ चावली. म्हटलं गेलं, हेही स्थळ गेलं. तीन रंगानं गेली, हे तोंडानं गेलं.

बेबाबाई पडद्यावरच्या त्या सपाट चेहऱ्याकडं बघत राहिल्या. मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "कर मंग. जशा शे तशा कर."

आहे तसा. मी मूळ आकडे परत आणले. ब्राइटनेस थोडा खाली घेतला, कॉन्ट्रास्ट दोन कळा वर, फक्त दोन, म्हणजे व्रण दिसतील पण भेसूर दिसणार नाहीत. इतक्या काळजीनं मी कुणाचाच फोटो केला नव्हता. प्रिंटर सुरू झाला. "केस आले!" बाहेरून कल्ला झाला. पण कपाळ यायला लागलं तसं बेबाबाईंनी कागदाजवळ बोट नेलं आणि एकेक व्रण ओळखायला लागल्या. हा पहिला आलेला. हा डोळ्याजवळचा, तो खाजवायला जायचा म्हणून त्या त्याचे दोन्ही हात धरून बसायच्या. हा हनुवटीवरचा, तो सुकला त्या दिवशी पोरानं पहिल्यांदा भाकर मागितली. चार मिनिटांत त्यांनी त्या सगळ्या आजारपणाची कहाणी वाचून काढली. फोटो पूर्ण आल्यावर म्हणाल्या, "हाऊच मना आंडोर." आणि कागद छातीशी धरला. मी नाक ओढत दुसरीकडं बघितलं.

मला वाटलं, सुटले. आता जातील. पण अभिमन हलेना. तो पांढरा कागद त्याच्या हातात होता.

"मॅडम, ह्यातली मुलगीपण अशी बाहेर काढता येईल का?"

"नाही." मी पटकन म्हटलं. "एकदा सगळं पांढरं झालं की तिथं काही उरत नाही. ठिपकेच नाहीत, मी परत काय आणू? त्याला मूळ आकडे लागतात."

"ते कुणाकडं असतात?"

"ज्यानं फोटो काढला त्याच्याकडं."

तो मास्तर होता, त्याला वाचायची खोड. कागदाच्या तळाशी प्रत्येक फोटोवर छापून यायचं ते त्यानं मोठ्यांदा वाचलं, "एकवीरा यात्रा, देवपूर." आणि माझ्याकडं बघितलं. "म्हणजे तुमच्याकडंच."

पुसून टाकले, असं म्हणता आलं असतं. यात्रेत हजार माणसांचे फोटो काढतो, कुणाकुणाचं ठेवणार? दोन शब्दांचं काम होतं. मग ते घरी गेले असते, आठवड्यानं आमच्या दारात आले असते, आणि मी ट्रे घेऊन बाहेर आले असते. नको. चौथ्यांदा मला ते ऐकायचं नव्हतं. काय व्हायचं ते इथंच होऊ दे, माझ्या खुर्चीत, माझ्या कळफलकासमोर.

मी पायाशी वाकले, डबा उघडला, फ्लॉपी काढली. घाईत ती उलटीच घातली. पुन्हा काढून सुलटी घातली. मशीन कुरकुरलं. आधी मी आत्याचं सेटिंग लावलं, लेबलावर होतंच. पडद्यावर दोन डोळे आणि टिकली आली.

मग ब्राइटनेस एकेक कळ खाली.

"नाक आलं!" तंबूच्या दारातून सुपडूभाऊ ओरडले, हातात गोडशेवेचा झारा तसाच. ओठ आले. वरचा आधी, मग खालचा. हनुवटी आली. गाल आले, त्यांच्यावर सावली आली, आणि मी थांबले नाही, करडा, आणखी करडा, मूळ आकड्यांपर्यंत, आत्याच्या भीतीच्याही खाली, माझ्या खऱ्या रंगापर्यंत. मी पडद्याकडं बघतच नव्हते. कळेकडं बघत होते.  

"आई," अभिमन म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच होता, हसू आवरल्यासारखा. "फोटोतली मुलगी इथंच बसलीय."

मी वर बघितलं. तो पडद्याकडं बघत नव्हता. माझ्या मागं, माझ्या बाजूला, दाराकडं, कुठंही बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. आणि असला वेड्यासारखा हसत होता की मलाही हसू आलं. दात दाखवून हसले मी, लाज नाही काही नाही.

बेबाबाईंनी एकदा पडदा बघितला, एकदा मला. पुन्हा पडदा, पुन्हा मी. त्यांच्या कपाळावर आठ्या. माझा जीव टांगलेला. आणि नेमकी त्याच वेळी आत्या माझा जेवणाचा डबा घेऊन तंबूत शिरली. पाहुण्यांकडं तिचं लक्षच नाही. तिला दिसला पडदा.

"अगं काय केलंस हे! काय काळंकुट्ट करून ठेवलंस! कुणी बघितलं म्हणजे? उजळ कर! उजळ कर आधी!" डबा टेबलावर आदळून तिनं कळफलकावर झडपच घातली. सहा दिवसांत तिला ब्राइटनेसची कळ बरोबर पाठ झाली होती.

तिचं बोट कळेवर पोचायच्या आत बेबाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"तुम्ही पोरीची आत्या ना?"

"हो. पण तुम्ही कोण?"

"आत्ते कोठे पोर दिखी ऱ्हायनी," बेबाबाई म्हणाल्या. आता कुठं पोर दिसायला लागलीय. आणि आत्याचं मनगट तसंच हातात धरून, अगदी मऊ आवाजात, "दिखू द्या ना, विहीणबाई."

आत्यानं आ वासला तो मिटलाच नाही. सुपडूभाऊंनी झारा पत्र्यावर वाजवला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी गळायला लागलं, आणि नाना माईक चालू असल्याचं विसरून साऱ्या यात्रेला ऐकू जाईल असे ओरडले, "ऑपरेटरबाई, कीबोर्डवर रडू नका, तो सुरतेला पाठवावा लागतो!"

मी पदरानं कळा पुसल्या आणि प्रिंटची कळ दाबली. चर्र चर्र चर्र. अख्खा तंबू कागदावर वाकला.

"केस आले!" बेबाबाई ओरडल्या. सगळ्यांच्या आधी.